सुइणीचे ऋण



"बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म," असे आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणत आल्या आहेत. हे बोलणे आपण ऐकतो, मान डोलावतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे. मूल जन्मले तेव्हा त्याची आई तिथे होतीच. मग आईच्या या दुसऱ्या जन्माच्या वेळी तिच्यापाशी कोण होते? नवरा ओसरीवर येरझारा घालीत होता, सासरे देवाचे नाव घेत बसले होते, आणि आत, कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात, एक बाई तिचा हात धरून बसली होती. ती सुईण. आजचे हे चार शब्द तिच्याविषयी आहेत.

आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो, "आमची नाळ या मातीत पुरली आहे." सभेत म्हणतो, संमेलनात म्हणतो, मुंबईत पन्नास वर्षे काढलेला माणूसही गावचे नाव निघाले की हेच म्हणतो. पण ती नाळ कापली कोणी, खड्डा करून वार पुरली कोणी, हे मात्र कोणी सांगत नाही. कारण ते कोणाला ठाऊकच नसते. मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. एकदा सहज वर्गात विचारले, की बाबांनो, तुमच्या जन्माविषयी तुम्हाला काय काय माहीत आहे? मुलांनी इस्पितळाचे नाव सांगितले, डॉक्टरांचे सांगितले, वार, वेळ आणि वजनसुद्धा सांगितले. त्या वेळी आईजवळ कोण बसले होते, पहिल्यांदा तुम्हाला हातात कोणी घेतले, असे विचारल्यावर सगळा वर्ग गप्प. यात मुलांचा दोष नाही. आपणच त्यांना कधी सांगितलेले नाही.

प्रसूती, सूतिका, सुईण हे शब्द एकाच कुळातले आहेत. म्हणजे जितके जुने बाळंतपण, तितकीच जुनी सुईण. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ कोण असावे हे सांगितले आहे. चार स्त्रिया असाव्यात. त्या वयाने पोक्त, बाळंतपण करण्यात कुशल आणि विश्वासाच्या असाव्यात, आणि त्यांनी नखे कापलेली असावीत, असा त्याचा आशय आहे. नखे कापलेली! त्या एका शब्दावरून लिहिणाऱ्याची नजर किती बारीक होती ते कळते. या चार गुणांत पुढे जगाने फारशी भर घातली आहे असे मला वाटत नाही. अनुभव, कौशल्य, विश्वास आणि स्वच्छता. आपल्या सुइणीपाशी यांतले पहिले तीन गुण भरपूर होते. चौथा मात्र पुष्कळदा नव्हता. त्याची कथा पुढे येईल.

आधी तिचे काम काय होते ते पाहू. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की ही बाई नुसती बसून असते. ते खरेच आहे, आणि त्यातच तिचे निम्मे कसब आहे. पहिलटकरणीच्या कळा दहा-बारा तास चालतात, कधी त्याहूनही जास्त. त्या वेळात घरातल्या सगळ्यांचा धीर सुटतो. कोणी म्हणते जोर कर, कोणी म्हणते पोट दाबा, कोणी काढा आणतो. सुईण म्हणते, "घाई नको गं बाय. अजून वेळ नाही झाली." कळ आली की ती कमरेला हाताचा आधार देते. कळ गेली की घोटभर पाणी पाजते, दोन पावले चालवते. कळा किती अंतराने येतात, पाणमोट फुटली का, पाणी स्वच्छ आहे की हिरवट आहे, मूल सरळ आहे की आडवे, की पायाळू, हे ती पोटावर तळवा ठेवून आणि डोळ्यांनी पाहून ओळखते. मूल बाहेर आले की त्याचे तोंड पुसायचे, ते रडले का बघायचे, फडक्यात गुंडाळून आईच्या अंगाशी द्यायचे, मग वार पडण्याची वाट पाहायची. पुढे दहा-बारा दिवस बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला यायचे. एवढे सगळे झाल्यावर पाचवीला किंवा बारशाला सुपात तांदूळ, नारळ, खण किंवा लुगडे, एवढा तिचा मान.

पण नुसते थांबणे म्हणजे सुईणपण नव्हे. उरलेले निम्मे कसब आहे ते वेळेवर उठण्यात. मूल आडवे आहे, अंगावरून फार जाते आहे, बाईचे हातपाय गार पडत आहेत, हे ओळखून "आता माझ्याच्याने होणार नाही, गाडी जुंपा," असे वेळीच म्हणणारी सुईण शहाणी. थांबावे कधी आणि धावावे कधी, हे जिला कळले तिला सारे कळले. मी आज जे सांगणार आहे त्याचे सार एवढेच आहे. तिच्या हातची ही विद्या आपण नीट ओळखली नाही. जिथे ती ओळखली आणि तिला स्वच्छतेची व वैद्यकाची जोड दिली, तिथे आया वाचल्या, मुले वाचली.

आता मी राहतो त्या भागाचे उदाहरण घेतो. खेड्यातले श्रोते म्हणतील, मुंबईचे आम्हाला काय सांगता? पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीसुद्धा काल-परवापर्यंत गावेच होती हो! हा सारा साष्टीचा मुलूख. भातखाचरे, ताडामाडाची झाडे, मिठागरे, कोळीवाडे, आगऱ्यांची गावे आणि डोंगराकडेला वारल्यांचे पाडे. १९५० साली पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंतचा आणि पूर्वेस भांडुपपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला, आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंतचा उरलेला भाग. म्हणजे बोरिवली आणि मुलुंडकर मुंबईकर झाले त्याला माणसाच्या एका आयुष्याएवढाच काळ लोटला आहे. जुन्या गावठाणांच्या गल्ल्या आजही सिमेंटच्या उंच इमारतींच्या मधे सापडतात.

या भागात रात्रीची अडचण मोठी. शेवटची लोकल गेली की पहाटेपर्यंत रूळ मोकळे. गोराई आणि मनोरी ही गावे तर खाडीपलीकडची. बोरिवलीच्या बाजूला यायचे तर होडीने खाडी ओलांडायची, नाहीतर उत्तन-भाईंदरवरून जमिनीने मोठा वळसा घ्यायचा. ओहोटी असेल, नाहीतर पावसाळ्यात वारा सुटला असेल, आणि अशा रात्री कळा सुरू झाल्या, तर कोण येणार? वस्तीतलीच एखादी वयस्क बाई. कोळीवाड्यात कोळीण, पाड्यावर वारलीण. देशावरच्या पुष्कळ गावी हे काम मातंग समाजातल्या किंवा न्हाव्याच्या घरातल्या अनुभवी बाईकडे परंपरेने असे. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जिची सावलीही वर्षभर चालत नसे, तिला त्या एका रात्री घराच्या सगळ्यांत आतल्या खोलीत हाताला धरून नेत. तिच्याच हातात घराचा वंशदिवा पहिल्यांदा येई. आणि काम झाले की घर पाण्याने धुऊन काढीत, आणि तिला पुन्हा अंगणापलीकडे उभी करीत. ज्या हातांनी आपल्याला जगात आणले त्या हातांशी आपला समाज असा वागला. सुइणीचे नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही याचे एक कारण हेही आहे.

आता तिच्या हातून काय चुके तेही सांगितले पाहिजे. नाळ कापायला घरातला विळा, नाहीतर बांबूची धारदार कामटी घेत. नाळेवर राख, कधी शेणसुद्धा लावीत. खोली घरातली सगळ्यांत अंधारी. फडकी जुनी, मळकी. या वाटेने धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात शिरत. तीन-चार दिवस चांगले दूध पिणारे बाळ पाचव्या-सहाव्या दिवशी एकाएकी तोंड मिटून घेई, अंग ताठ करी, आणि दोन-तीन दिवसांत हातचे जाई. लोक म्हणत, सटवी लागली. पाचवीची आणि षष्ठीची रात्र जागवून काढण्यामागे जी धास्ती होती, तिच्यात या दुखण्याचा वाटा मोठा असला पाहिजे असे मला वाटते. शिवाय आईचे पहिले चिकाचे दूध पिळून टाकून देण्याची चाल होती, आणि त्यामुळे बाळाची पहिली ढालच हिरावली जाई. हा दोष एकट्या सुइणीचा नव्हता. तिला कोणी शिकवले नव्हते आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनाही तेच खरे वाटत होते.

कल्याण तर मुलुंडच्या अगदी हाकेवर. तिथल्या आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १८६५ सालचा. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांचा होऊन गेला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला, अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली पदवी घेतली. प्रबंधाला त्यांनी विषय कोणता निवडला? हिंदूंमधील प्रसूतिविद्या! परदेशात शिकत असताना त्यांचे लक्ष आपल्या बाळंतखोलीकडे लागले होते. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्या गेल्या. त्यांना जे करायचे होते ते पुष्कळसे इतरांना करावे लागले.

आपले सुशिक्षित लोक म्हणतील, "चला, म्हणजे सुईण अडाणी आणि डॉक्टर शहाणे, असेच ना?" थांबा. व्हिएन्ना शहरातली एक हकीकत सांगतो. १८४० च्या सुमारास तिथल्या मोठ्या इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. १८४१ ते १८४६ या वर्षांत पहिल्या विभागात शंभर बाळंतिणींपैकी सुमारे दहा दगावत, आणि सुइणींच्या विभागात चारांहून कमी. शहरातल्या बायका रडून विनवीत, की आम्हाला सुइणींच्या विभागात घ्या. सेमेलवाइस नावाच्या हंगेरियन डॉक्टरने याचे कारण शोधले. विद्यार्थी मृतदेहांची चिरफाड करून तसेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत. सुइणी त्या खोलीत जात नसत. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले, आणि १८४८ साली त्याच पहिल्या विभागात मृत्यूंचे प्रमाण शंभरी सव्वापर्यंत खाली आले. यातला धडा साधा आहे. जंतू पदवी विचारत नाहीत. हात धुतलेली सुईण चांगली आणि हात न धुतलेला पंडितही धोक्याचा. सुश्रुताच्या ग्रंथातली कापलेली नखे इथे पुन्हा आठवतात.

मुंबईत या शिक्षणाची सुरुवात लवकर झाली. आझाद मैदानासमोरचे कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी दिलेल्या देणगीतून ते उभे राहिले आणि तिथे बायकांवर उपचार बायकांनीच करावेत असे ठरले. त्याची धुरा सांभाळायला इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची आल्या होत्या. त्यांनी तिथे परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. परळला १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह निघाले, ते गिरणगावातल्या कामकरी बायकांसाठी. पुढे उपनगरांत पालिकेची इस्पितळे आली. विलेपार्ले-अंधेरीकडे कूपर, बोरिवलीला भगवती, घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल, ही नावे घराघरांत बसली. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका आणि सुइणी यांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि शिकलेल्या सुइणीला सरकारदरबारी प्रथमच नाव मिळाले. पांढऱ्या लुगड्यातली, हातात पेटी घेतलेली ही 'नर्सबाई' चाळीत आली की पोरे वाट देत. ती आल्याआल्या दोनच प्रश्न विचारी, "पाणी उकळलं का? साबण कुठाय?" त्या दोन प्रश्नांनी किती जीव वाचवले असतील!

खेड्यापाड्यांत ही विद्या पोचवायचे काम निराळ्या रीतीने झाले, आणि त्यात महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी दोन उदाहरणे आहेत. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेडला, काम सुरू केले. गावोगावच्या बायका त्यांनी निवडल्या. पुष्कळ जणींना अक्षरओळखही नव्हती, आणि बऱ्याच जणी ज्यांना गावाने दूर ठेवले होते अशा समाजांतल्या होत्या. त्यांना गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण आणि धोक्याची खूण ओळखणे शिकवले. दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. गावच्या दाईला बाजूला न सारता तिला बरोबर घेतले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की शेजारच्या तशाच गावांच्या मानाने या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू शंभरी ६२ ने कमी झाले. मोठी यंत्रे नव्हती, मोठी इमारत नव्हती. शिकलेले हात आणि दाराशी असलेले माणूस, एवढेच भांडवल.

धनुर्वाताची गोष्ट तर डोळ्यांत पाणी आणणारी आहे. गरोदर बाईला लस, आणि बाळंतपणात पाच स्वच्छता : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ, आणि कापलेली नाळ स्वच्छ व कोरडी. हा धडा लाखो दायांनी आणि परिचारिकांनी गिरवला. २०१५ साली बाळ-बाळंतिणींच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. म्हणजे ते दुखणे इतके विरळ झाले, की सार्वजनिक संकट म्हणून उरले नाही. पाचवीच्या रात्रीची धास्ती ज्यांनी घालवली, त्यांत या बायकांचा वाटा फार मोठा आहे.

आज घरी बाळंतपण करण्याचे दिवस गेले आणि ते गेले हे चांगलेच झाले. महाराष्ट्रात २००५-०६ च्या पाहणीत शंभरात सुमारे ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ९५ च्या घरात गेला. २००१-०३ या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ३३. नुसते आकडे म्हणून ऐकू नका. प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, आईवाचून राहिलेली पोरे आहेत. म्हणून कोणी जर म्हणेल, "आमच्या आजीची दहा बाळंतपणे घरीच झाली," तर त्याला विचारा, "त्यांतली किती मुले जगली?" सुइणीचा गौरव करायचा म्हणजे जुने दिवस परत आणायचे असे नव्हे. रक्तस्राव झाला तर रक्त हवे, झटके आले तर इंजेक्शन हवे, मूल अडले तर शस्त्रक्रिया हवी. या गोष्टी बाजेशेजारी बसून होत नाहीत.

पण घरातून दवाखान्यात जाताना आपण एक गोष्ट वाटेत हरवली. ती म्हणजे जवळ बसणारे माणूस. मोठ्या शहरातल्या गर्दीच्या प्रसूतिकक्षात पहिलटकरीण एकटी कण्हत पडते. सासू बाहेर, आई बाहेर, नवरा तर त्याहून बाहेर. एका परिचारिकेवर पाच-सहा खाटा. तिने तरी कोणाकोणाचा हात धरावा? पूर्वी "मावशी, आता नाही सहन होत गं!" म्हटले की "होतंय बाय, होतंय, माझ्याकडं बघ," असे उत्तर येई. ते उत्तर म्हणजे निव्वळ माया नव्हे, ते औषधही आहे. २०१७ साली १७ देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बाळंतिणींच्या अभ्यासांचा एकत्र पडताळा घेतला गेला. कळा सुरू झाल्यापासून सतत धीर देणारे कोणी जवळ असले, तर बाळंतपण सुखरूप व नैसर्गिक होण्याचा संभव वाढतो, शस्त्रक्रिया कमी लागतात, कळांचा काळही थोडा घटतो, असे त्यात दिसले. आपल्या आज्यांना हे अभ्यासावाचून ठाऊक होते.

थांबण्याची कला हरवली की काय होते, तेही दिसू लागले आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशात सरकारी दवाखान्यांतल्या शंभर बाळंतपणांत सुमारे १४ शस्त्रक्रियेने झाली, आणि खाजगी दवाखान्यांत सुमारे ४७. सगळ्या शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे कोणी म्हणणार नाही. जिथे लागते तिथे हीच शस्त्रक्रिया आईला आणि बाळाला वाचवते. पण रस्त्याच्या एका बाजूच्या बायका दुसऱ्या बाजूच्या बायकांहून तिपटीने अडतात, हेही पटत नाही. धावण्याची साधने आपल्याकडे आली, थांबणारी बाई मात्र कमी झाली.

ही उणीव आता सरकारच्याही लक्षात आली आहे. २०१६ साली सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी घरची एक बाई सोबत ठेवायला परवानगी देण्यात आली. २०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारने मिडवायफरी सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. शिकलेल्या परिचारिकांना दीड वर्षाचे खास शिक्षण देऊन, साधी-सरळ बाळंतपणे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर करावीत आणि अडचणीची खूण दिसताच डॉक्टरांना बोलवावे, अशी ती योजना आहे. नाव इंग्रजी, पण बाई आपल्या ओळखीचीच आहे, नाही का? थांबणारी आणि वेळ येताच धावणारी! सुइणीचे जुने कसब, हातात साबण, आणि पाठीशी दवाखाना. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणायच्या आहेत.

आता आपण काय करायचे ते सांगून संपवतो.

घरात कोणी पोटुशी असेल तर दिवस राहिल्याचे कळताच नाव नोंदवा, आणि निदान चार तपासण्या चुकवू नका. बाळंतपण कुठे करायचे, रात्री गाडी कोणाची, दाराशी धावून येणारी शेजारीण कोण, हे आठव्या महिन्यातच ठरवा. या खुणा पाठ करा : अंगावरून रक्त जाणे, झटके येणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर सूज, बाळाची हालचाल मंदावणे, कळांवाचून पाणी जाणे, बारा तास कळा येऊनही सुटका न होणे, मूल झाल्यावर अर्ध्या तासात वार न पडणे. यांतली एकही खूण दिसली की थांबायचे नाही. १०८ किंवा १०२ क्रमांकावर फोन करायचा. आणि दवाखान्यात गेल्यावर "सोबत एक बाई राहू द्या," असे नम्रपणे पण ठामपणे सांगा. जी परिचारिका रात्रभर तुमच्या लेकीजवळ उभी राहिली, तिचे नाव विचारा. पेढे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवताना दोन तिच्याही हातावर ठेवा.

गावातली जुनी दाई असेल तर तिला घरी बाळंतपण करायला लावू नका, पण तिला मोडीतही काढू नका. तिला आशाताईंबरोबर दवाखान्यात घेऊन या. सोबतीला बसायला तिच्याहून चांगली बाई कुठे मिळणार आहे? बाळाला न्हाऊ घालताना अंगावर कुठे पिवळेपणा दिसतो, बेंबी ओली आहे का, बाळ दूध ओढते की नाही, हे तिच्या नजरेतून सुटत नाही.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. दर वर्षी ५ मे हा दिवस जगभर सुइणींचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे तो सुट्टीत येतो. एका अर्थी बरेच आहे. त्या वेळी मुले मामाच्या गावी असतात. सुट्टी लागण्याआधी त्यांना एवढेच सांगा, की आजीला विचारून या : आपल्या गावची सुईण कोण होती, कोणत्या वस्तीत राहायची, तिच्याकडे काय काय ज्ञान होते, तिला मान म्हणून काय दिले जाई. जूनमध्ये शाळा भरली की ही माहिती एका वहीत उतरवून घ्या. शाळेच्या कपाटात गावच्या पाटलांची, सरपंचांची, देणगीदारांची नावे असतात. त्यांच्याजवळ ही एक वही ठेवा. ज्या आज्या आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत, त्यांना ही नावे आठवतात. आणखी दहा वर्षांनी विचारायला गेलात तर सांगणारे कोणी उरणार नाही.